मध्येच ठेवून उठता आलं पाहिजे

चांगला व्हिडिओ गेम तोच, जो मध्येच थांबवता येत नाही, असं माझं ठाम मत होतं आणि ते मी कुणी न विचारताही ऐकवत असे. पुरावा म्हणून ‘डार्क सोल्स’चं नाव घ्यायचो. जपानच्या फ्रॉमसॉफ्टवेअर कंपनीने २०११ साली काढलेला हा गेम तुम्ही घरात एकटे बसून खेळत असलात तरी त्याला पॉज नाही. मेनू उघडा, सामानाची पिशवी चाचपा, मागून राक्षस आपला चालत येतच असतो. कुरिअरवाल्याने बेल वाजवली, कुकरची तिसरी शिट्टी झाली, आई हाक मारतेय, काहीही असो. उठलात की मेलात. मला ह्यात काहीतरी उच्च दर्जाचं दिसायचं. खेळायचं तर बुडून खेळावं, नाहीतर खेळू नये. लोकलमध्ये एका हाताने कडी धरून दुसऱ्या हाताने कँडी क्रश खेळणाऱ्या माणसाला मी गेमर म्हणायला तयार नव्हतो.

मी पस्तिशी ओलांडलेला, पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये काम करणारा माणूस आहे. आमची मुलगी आता रांगायला लागली आहे. एवढी माहिती पुढच्या मजकुराला पुरेशी आहे.

ह्या मताची मुळं शोधायची तर सांगलीत जावं लागेल. नव्वदच्या दशकात आमच्याकडे निन्टेन्डोच्या फॅमिकॉमची नक्कल असलेलं एक यंत्र होतं. कॅसेटवर ‘९९९९९ इन १’ लिहिलेलं आणि आत पाच-पंचवीस गेम उलटसुलट नावांनी भरलेले. आतेभाऊ आणि मी ‘कॉन्ट्रा’ खेळायचो. पॉजचं बटण होतं, पण त्या यंत्राला काही लक्षात ठेवता येत नसे. लाइट गेली की डाव गेला. सातव्या टप्प्यावर असा की पहिल्यावर, त्याचं वीज मंडळाला सोयरसुतक नव्हतं. त्यामुळे लाइट आहे तोवर, जेवायला हाका आल्या तरी न उठता खेळायचं, ही सवय तिथे लागली. पुढे इंजिनिअरिंगला पुण्यात आलो तेव्हा तासाच्या हिशेबाने चालणाऱ्या सायबर कॅफेत ‘काउंटर-स्ट्राइक’. तिथे पाचजणांच्या संघातून एकजण उठला तर उरलेल्या चौघांच्या शिव्या वसतिगृहापर्यंत पोचत.

मग फोनवर पबजी आलं. २ सप्टेंबर २०२० ला सरकारने शंभरावर ॲपबरोबर त्यावरही बंदी घातली, २०२१ मध्ये ते बीजीएमआय नावाने परत आलं, २०२२ मध्ये पुन्हा गायब झालं आणि २०२३ मध्ये पुन्हा उगवलं. आमच्या शुक्रवारच्या टोळीचा खेळ थांबवणं दोनदाच कुणाला तरी जमलं आहे, ते भारत सरकारला. ह्या टोळीतल्या ज्यांना ज्यांना मुलं झाली ते एकेक करून दिसेनासे झाले. कुणी सामन्याच्या मध्येच ‘भावा, एक मिनिट’ म्हणून गेला की तो परत येत नसे, आणि त्याचा सैनिक कुठल्यातरी गवतात ओणवा बसून मार खात असे. आम्ही त्यांच्यावर मनसोक्त हसायचो. ‘संपला’ हा त्यांच्यासाठी आमचा ठरलेला शब्द.

पहिलं बाळंतपण माहेरी, ह्या रिवाजाने बायको सातव्या महिन्यात साताऱ्याला गेली. मी शनिवार-रविवारी जायचो आणि उरलेले दिवस पुण्यात बसून तयारी करायचो. माझी तयारी म्हणजे खरेदी. पाळणा सासूबाईंनी माळ्यावरून काढून, धुऊन, नव्या नाड्या लावून ठेवला होता, तेव्हा मला फक्त विजेवर चालणाऱ्या वस्तूंचं खातं मोकळं होतं. रात्री अंधारात दिसणारा, हालचाल टिपणारा, फोनवर खबर देणारा कॅमेरा घेतला. दूध, झोप, शी-शू ह्यांच्या नोंदी ठेवून आलेख काढणारं ॲप घेतलं. न्यू जर्सीच्या चुलतभावाने तर बाळाच्या पायात घालायचा, नाडी आणि रक्तातला ऑक्सिजन मोजणारा मोजा पाठवू का म्हणून विचारलं. मी जवळजवळ हो म्हणालो होतो. मग सवयीने थोडं वाचलं. असे मोजे विकणाऱ्या एका अमेरिकी कंपनीला तिथल्या एफडीएने २०२१ मध्ये ‘हे वैद्यकीय उपकरण आहे आणि त्याला आमची मान्यता नाही’ असं पत्र धाडलं होतं. पुढे मान्यता मिळाली, पण निरोगी बाळाचा झोपेतला आकस्मिक मृत्यू टाळण्याचा उपाय म्हणून अशी घरगुती यंत्रं वापरू नका, असं अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटनाच सांगते. मोजा नको म्हणून कळवलं. कॅमेऱ्याबद्दल मात्र काही वाचलं नाही, कारण तो घेऊन झाला होता.

तो साताऱ्याच्या घरी बाळंतिणीच्या खोलीत मी स्वतः भिंतीला छिद्र पाडून बसवला. सासरे शिडी धरून उभे होते. सासूबाई काही बोलल्या नाहीत. सोमवारी मी पुण्यात ऑफिसात बसून फोनवर पाहिलं तर पडदा पांढरा. कॅमेरा बिघडला असं वाटून फोन केला तेव्हा कळलं, सकाळी न्हाऊ घालणाऱ्या बाई येतात, लेकीला तेल लावून शेक द्यायचा असतो, बाळाला दूध पाजायचं असतं, म्हणून सासूबाईंनी त्याच्यावर दुपटं टाकलं होतं. “संध्याकाळी काढीन हो,” म्हणाल्या. संध्याकाळी काढलंही. मग रात्रभर माझा फोन थरथरत राहिला. हालचाल आढळली. हालचाल आढळली. पावणेदोनला राहवेना म्हणून बायकोला फोन केला. त्या फोनने बायको उठली, बाळ उठलं, शेजारच्या खोलीतून सासूबाई उठून आल्या. फोन त्यांनी घेतला आणि शांतपणे म्हणाल्या, “अहो, बाळ आहे ते. पाटा-वरवंटा नाही. हलणारच.”

नवजात बाळ दिवसाचे चौदा ते सतरा तास झोपतं हे मी वाचलं होतं. त्यातली जवळपास निम्मी झोप चळवळी असते हे वाचलं नव्हतं. त्या झोपेत बाळ हात उडवतं, कुंथतं, ओठ चोखतं, अर्धवट रडून गप्प होतं. श्वाससुद्धा मध्येच पाच-दहा सेकंद थांबतो आणि पुन्हा भराभर सुरू होतो. पहिल्या काही महिन्यांत हे नेहमीचंच. अशा वेळी उचललं की झोपेत असलेलं बाळ खरंच जागं होतं. हे सगळं आमच्या डॉक्टरांनी पुढच्या भेटीत समजावलं. सासूबाईंना ते ठाऊक होतं. फक्त त्याला त्यांच्याकडे नाव नव्हतं. त्या पाळण्याशी जायच्या, कान द्यायच्या आणि बऱ्याचदा काहीच न करता परत यायच्या. माझ्या कॅमेऱ्याला मात्र थांबून बघणं माहीत नव्हतं. हललं की सांग, एवढंच त्याला शिकवलेलं. तो आता साताऱ्याच्या गच्चीवर आहे. उन्हाळ्यात कुरडया-पापडांवर माकडं येतात, त्यांच्यावर नजर ठेवायला सासऱ्यांना तो फार उपयोगी पडतो.

ॲपचं प्रकरण कॅमेऱ्यापेक्षा नाजूक होतं, कारण त्याच्या नोंदी आपोआप होत नव्हत्या. त्या बायकोने करायच्या आणि मी पुण्यात बसून बघायच्या, अशी ती योजना. “डावीकडे किती मिनिटं प्यायली?” हा प्रश्न मी फोनवर विचारत असे. टाके ओले असलेल्या, तासाभराच्या तुकड्यांत झोपणाऱ्या बाईला हा प्रश्न कसा ऐकू येत असेल, ह्याचा मला तेव्हा पत्ता नव्हता. तिने एक दिवस ॲप काढून टाकलं आणि मला कळवलंही नाही. आलेखाची रेघ एका मंगळवारी दुपारी अचानक सपाट झाली, त्यावरून मला कळलं. मी थोडा रागावलो आणि तो राग गिळला. नोंदी अगदीच निरर्थक होत्या असं मी आजही म्हणणार नाही. पहिल्या आठवड्यात बाळाचं वजन थोडं उतरतं आणि साधारण दोन आठवड्यांत ते जन्माच्या वजनावर परत यायला हवं. पाचव्या-सहाव्या दिवसापासून दिवसाला निदान सहा लंगोट ओले व्हायला हवेत. एवढं मोजावं. ते कॅलेंडरच्या कोपऱ्यात पेन्सिलीने मोजता येतं, आणि सासूबाई दूधवाल्याच्या हिशेबाशेजारी ते मोजतच होत्या.

तिसऱ्या महिन्यात दोघी पुण्याला आल्या आणि माझी खरी परीक्षा सुरू झाली. पहिल्याच शुक्रवारी मी टोळीला म्हटलं, साडेदहाला भेटू. मुलगी झोपली होती. बीजीएमआयचा एक सामना अर्ध्या तासाच्या आतबाहेरचा. शेवटचे काही संघ उरले असताना आतून आवाज आला आणि मी उठलो. हे सांगताना मला कसलंही मोठेपण मिरवायचं नाही. उठलो ते कपाळाला आठ्या घालून. बाळाला खांद्यावर घेऊन पाठ थोपटत असताना बाहेर टेबलावरच्या फोनमधून टोळीचा आवाज येत होता: “अरे कुठे गेला हा? कव्हर दे ना!” आणि मग कुणीतरी तो ठरलेला शब्द उच्चारला. ढेकर निघाली तोवर माझा सैनिक गवतात मरून पडला होता.

पुढचे काही आठवडे मी काहीच खेळलो नाही, आणि त्याचा मला जेवढा त्रास व्हायला हवा होता तेवढा झाला नाही. त्रास दुसऱ्याच गोष्टीचा झाला. न खेळण्याच्या त्या वेळात मी फोनवर बोट वर सरकवत बसायचो. बाळ मांडीवर, एक हात मोकळा, आणि त्या हातात रील. खेळात निदान काहीतरी जिंकत किंवा हरत होतो. इथे पाऊण तासानंतर काय पाहिलं ते आठवायचंही नाही. म्हणजे ‘व्हिडिओ गेम सोडला, बाप झाला’ अशी जी गोष्ट नातेवाईक कौतुकाने सांगत होते, तिच्यात पडदा कुठेच गेला नव्हता.

तेव्हा कधीतरी मी ज्याची चेष्टा करत आलो होतो ते विकत घेतलं. हातात मावणारा निन्टेन्डो स्विच. निन्टेन्डोने हे यंत्र भारतात अधिकृतपणे आणलंच नाही, म्हणून मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानातून, वॉरंटीबद्दल फार प्रश्न न विचारता. त्याच्या डोक्यावर एक छोटं बटण आहे. ते दाबलं की गेम आहे त्या जागी, उडी मारलेली असेल तर हवेतच, झोपी जातो. दोन तासांनी किंवा चार दिवसांनी दाबलं की तिथूनच पुढे. मी ‘झेल्डा’तला एक डोंगर आठवडाभर चढलो. दोर नाही, दोस्त नाहीत, वरून कुणी ओरडत नाही. दूध पाजून झाल्यावर मुलगी छातीवर उताणी-पालथी कशीही झोपली असताना तिच्या पाठीमागे हात नेऊन दहा मिनिटं चढायचं, ती चुळबुळली की बटण.

आणि मग मी माझ्या स्वभावाप्रमाणे ह्या बटणाचा इतिहास धुंडाळला. खेळ थांबवण्याची सोय असलेलं पहिलं घरगुती गेमयंत्र म्हणजे १९७६ चं फेअरचाइल्ड चॅनल एफ. जेरी लॉसन ह्या कृष्णवर्णीय अभियंत्याच्या हाताखाली ते तयार झालं. यंत्रावरच ‘होल्ड’ असं लिहिलेलं बटण होतं. त्याआधी खेळ थांबवण्याची गरज कुणाला फारशी पडली नव्हती. खेळ बहुतेककरून दुकानात किंवा बारमध्ये असायचे, नाणं टाकायचं आणि मरेपर्यंत खेळायचं. खेळ घरात आला तेव्हाच त्याला थांबायला शिकावं लागलं. घरात माणसं असतात ना. निन्टेन्डोचा गुनपेई योकोई ह्याचा किस्सा तर मी आधीही वाचला होता, पण तो आत्ता पचला. आगगाडीत एक नोकरदार माणूस कंटाळून कॅल्क्युलेटरची बटणं दाबत बसलेला त्याने पाहिला आणि त्यातून १९८० चे ‘गेम अँड वॉच’ हे खिशातले खेळ आले, नऊ वर्षांनी गेम बॉय. दोन कामांच्या मधल्या फटीत बसेल असा खेळ, ही त्याची कल्पना. मी ज्याला गेमरच म्हणत नव्हतो त्या लोकलमधल्या माणसासाठी कुणीतरी मन लावून यंत्रं बनवली होती आणि मला ते दुय्यम वाटत होतं.

उलट उदाहरणंही मिळाली. ‘स्टारड्यू व्हॅली’ हा शेती करायचा गोड खेळ. एरिक बॅरोन ह्या एकाच माणसाने चित्रं, संगीत, प्रोग्रॅम सगळं एकट्याने करून २०१६ मध्ये आणला. मित्र म्हणाले, बापांसाठी हाच बरा, इथे कुणी मारत नाही. पण त्यात डावाची नोंद व्हायची तर तुमच्या शेतकऱ्याला रात्री अंथरुणात जाऊन झोपावं लागतं, आणि त्याचा एक दिवस आपल्या सुमारे चौदा मिनिटांचा. आमच्या घरात सलग चौदा मिनिटं असती तर मी स्वतः झोपलो असतो. तेव्हा ‘मारामारीचे खेळ वाईट, शांत खेळ चांगले’ ही सोपी वाटणीही माझ्या कामाची राहिली नाही.

जुन्या प्लेस्टेशनवर ‘गॉड ऑफ वॉर’चा २०१८ चा भाग पुन्हा लावला होता, त्याबद्दल दोन वाक्यं लिहितो. क्रेटोस हा रागीट योद्धा लहान मुलाला घेऊन डोंगराकडे निघालेला असतो. एक बटण दाबलं की मुलगा बाण मारतो. दिग्दर्शक कोरी बारलॉगने २००७ चा भागही केला होता; मधल्या वर्षांत तो बाप झाला आणि मुलाचा ह्या गोष्टीवर परिणाम झाला हे त्याने स्वतः सांगितलं आहे. पहिल्या वेळी मला ते पोरगं म्हणजे एक जादा हत्यार वाटलं होतं. ह्या वेळी बापाचा हात त्याच्या खांद्यापर्यंत जाऊन मागे येतो त्या प्रसंगाला मी गेम बंद केला. रडूबिडू आलं नाही. आत वाटी पडल्याचा आवाज झाला म्हणून.

असा मी हळूहळू नव्या मताचा झालो: जे मध्येच ठेवून उठता येतं ते चांगलं. खेळ असो, यंत्र असो. मग जुन्या सवयीने हे मतही मी न विचारता ऐकवायला लागलो. एका रात्री बायकोलाही ऐकवलं. चॅनल एफपासून. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “अरे, तू गेम थांबवून येतोस हे खरंय. पण तू येईपर्यंत तिला मी घेतलेलीच असते.”

ह्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. बटण माझ्या हातात होतं. तिच्या हातात बाळ होतं. आठ ते बारा वेळा दूध, चोवीस तासांत, रात्र धरून. ते मध्येच ठेवून कुठे उठायचं? कायद्याने तिला सव्वीस आठवड्यांची पगारी रजा आहे, २०१७ च्या दुरुस्तीनंतर. केंद्र सरकारच्या पुरुष नोकरांना पंधरा दिवस मिळतात. खासगी नोकरीतल्या बापाला कायदा काहीच देत नाही. कंपनी देईल ते. माझ्या कंपनीने जे दिवस दिले ते मी साताऱ्याला कॅमेरा बसवण्यात आणि जिलेबी खाण्यात घालवले होते.

तर मग ब्रेस्ट पंप. खरेदीच्या माझ्या यादीत तो नव्हताच. बायकोने सुचवला तेव्हा मी किंमत पाहिली आणि ‘एवढा?’ असं माझ्या तोंडून निघालं. त्याच्या दुप्पट किमतीचा स्विच मी महिनाभरापूर्वी दुकानदाराशी घासाघीससुद्धा न करता उचलला होता. ती काही बोलली नाही, फक्त टेबलावरच्या त्या यंत्राकडे बघितलं. पंप आला. आवाज करतो, त्याचे सुटे भाग उकळायचे म्हणजे वैताग, आणि सासूबाईंना तो आजही पसंत नाही. पण काढलेलं दूध फ्रीजमध्ये चार दिवस टिकतं. रात्री दहा ते दोन ही पाळी माझी झाली आणि ती आतल्या खोलीत, दार लावून, सलग झोपायला लागली. पहिल्या रात्री ती घाबरून दोनदा बघायला आली. नंतर आली नाही.

बाटली लावली नाही. दुधाच्या बाटल्या आणि डब्याच्या दुधाच्या जाहिरातीला आपल्याकडे १९९२ च्या कायद्याने बंदी आहे, हे मला तेव्हा समजलं. इतकं सगळं विकायला टपलेल्या बाजारात ह्या एका वस्तूबद्दल सामसूम का, हे कोडं सुटलं. सासूबाईंनी चांदीचं बोंडलं पाठवलं, बायकोचंच लहानपणीचं. दिवसा ते, रात्री वाटी-चमचा. अर्धं दूध दुपट्यावर सांडतं. त्या चार तासांत स्विच बहुतेक वेळा बंदच असतो, कारण वाटी-चमच्याला दोन्ही हात लागतात.

घरातलं सगळ्यांत कामाचं यंत्र कोणतं असं विचारलंत तर मी पंप म्हणेन. दुसऱ्या क्रमांकावर डिजिटल थर्मामीटर. सहा, दहा आणि चौदा आठवड्यांच्या लशींनंतर जी कणकण येते, त्या रात्री काखेत धरून आकडा बघायचा, डॉक्टरांनी सांगितलेल्या रेषेच्या खाली आहे ना बघायचं आणि ठेवून द्यायचा. तो सकाळी उठून मला आलेख दाखवत नाही.

आता मुलीला पडदा कधी दाखवायचा हा विषय. इथेही मी पूर्वी दुसऱ्या टोकाला होतो. आम्ही एवढे खेळलो, आमचं काय बिघडलं, हा माझा लाडका युक्तिवाद. टीव्ही आला तेव्हाही लोक असंच ओरडले होते वगैरे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलं की वर्षाखालच्या बाळाला पडदा नकोच आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसाला तासापेक्षा जास्त नको. आपल्या बालरोगतज्ज्ञांची संघटनाही दोन वर्षांपर्यंत नको म्हणते, नातेवाइकांच्या व्हिडिओ कॉलचा अपवाद ठेवून. तो अपवाद नसता तर पहिले दोन महिने मी बेकायदेशीर बाप ठरलो असतो. ह्या तासांच्या हिशेबाला मी आजही थोडं नाक मुरडतो. आजोबांशी गप्पा आणि नाचणारी प्राणीमंडळी एकाच मापाने कशी मोजणार?

पण एका प्रयोगाने मला गप्प केलं. पॅट्रिशिया कूल ह्या संशोधिकेने २००३ मध्ये तो प्रसिद्ध केला. नऊ महिन्यांच्या अमेरिकी बाळांना काही आठवडे चिनी भाषा ऐकवली. काहींसमोर चिनी बोलणारं माणूस बसून खेळत होतं. काहींना त्याच माणसांचं चित्रीकरण दाखवलं. समोर माणूस होतं ती बाळं चिनी ध्वनींमधला फरक ओळखायला शिकली. पडद्यासमोरची शिकली नाहीत. माणसं तीच, आवाज तोच. ह्याचा मी लावलेला अर्थ असा की समोरचं माणूस बाळ बघतंय की नाही ते पाहून थांबतं, बाळाने मान वळवली की गप्प होतं, परत बघितलं की परत बोलतं. माझा अर्थ चुकीचाही असेल. मी काही शास्त्रज्ञ नाही. पण आमच्या घरी माझी आई मुलीला कावळा दाखवते तेव्हा मला हेच दिसतं. अर्धा वेळ ती काही बोलतच नाही.

आमच्या बहिणीचा मुलगा यूट्यूब लावल्याशिवाय मऊ भातही खात नाही. बहिणीला मी नावं ठेवणार नाही. नोकरी, स्वयंपाक आणि तीन वर्षांचं पोर एकटीने सांभाळणाऱ्या बाईला उपदेश करायला माझ्याकडे तोंड नाही. तिला एकच करून दिलं. एक गाणं संपलं की आपोआप दुसरं सुरू होतं ते बंद केलं. यूट्यूबने २०२१ मध्ये अठरा वर्षांखालच्यांच्या खात्यांना ते मुळातच बंद ठेवायचं ठरवलं, पण आपल्याकडे पोरं आईबापाच्या खात्यावर बघतात, तेव्हा तो नियम त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. आता गाणं संपतं. भाचा पहिल्या दिवशी किंचाळला, दुसऱ्या दिवशी किंचाळला. मग आता ‘संपलं’ असं स्वतःच म्हणतो आणि लगेच पुन्हा लाव म्हणतो. बहीण म्हणते, हे जास्त वैतागाचं आहे, दर अडीच मिनिटांनी हात धुवावे लागतात. तिचंही बरोबर आहे.

आमच्या मुलीच्या बाबतीत पुढे काय, ह्यावर घरात एकमत नाही. माझ्या डोक्यात ती सहा-सात वर्षांची झाली की दोघांनी सोफ्यावर बसून दोन कंट्रोलर घेऊन खेळायचे खेळ आहेत, ज्यात टप्पा संपतो आणि जेवायला उठता येतं. बायकोचं म्हणणं, तोवर तिला पोहायला शिकव, तुला स्वतःला येत नाही ते.

शुक्रवारची टोळी अजून आहे. मी अधूनमधून अर्ध्या तासासाठी जातो, आणि मला मध्येच जावं लागेल हे आधीच सांगतो, त्यामुळे मला गवतात न लपवता सरळ मागे ठेवतात. गेल्या महिन्यात आमच्यातला एकजण म्हणाला, डिसेंबरात त्यांच्याकडे बाळ येणार आहे. सगळ्यांनी त्याला तो जुना शब्द ऐकवला आणि मीही हसलो. नंतर त्याने मला वेगळा फोन केला. वाटलं, विचारेल काहीतरी. मी पंपाचं, रात्रीच्या पाळीचं, वजनाच्या हिशेबाचं सगळं मनात जुळवून ठेवलं होतं. तो म्हणाला, “रजेत भरपूर वेळ मिळेल, म्हणून नवीन ग्राफिक्स कार्ड घेतलं.” मी म्हटलं, “अरे वा. मेमरी किती आहे?” मग आम्ही पाऊण तास त्यावर बोललो.